हेस्टरच्या चाळीस पुंगळ्या

१

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी ओकर्टच्या हातात त्याची रायफल फुटली. दोनच बार काढले होते त्याने. पहिल्या बाराला हरीण पडलं, दुसऱ्याला तो स्वतः पडला. समोरच्या टेकाडावर शेजारच्या शेतावरचा सारेल बसला होता. तो धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रायफलीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या खिटीचा तुकडा मानेत घुसला होता आणि थंडीच्या दहिवराने पांढऱ्या पडलेल्या गवतावर रक्तातून वाफ निघत होती.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी दुपारी सार्जंट विटबोई बारेंडच्या अंगणात येऊन उभी राहिली. बारेंड पवनचक्क्या दुरुस्त करायचा. कारूच्या त्या कोरड्या मुलखात त्याच्यावाचून कुणाचं पाणी वर यायचं नाही. ओकर्ट त्याचा साडू. बारेंडची बायको हेस्टर आणि ओकर्टची बायको ड्रीकी या सख्ख्या बहिणी.

"काका, आत बसू या का?"

"बसायला काय झालं. कॉफी घेशील?"

"आधी हे बघा."

तिने टेबलावर कॉफीचा एक जुना डबा ठेवला. झाकण काढलं. आत काडतुसांच्या पितळी पुंगळ्या होत्या, रिकाम्या, चकचकीत.

"अडतीस आहेत. दोन त्या दिवशी उडाल्या. शहरातल्या आमच्या बंदूकतज्ज्ञाने बाकीची काडतुसं गोळी आणि दारू काढून पाहिली. या हेस्टरकाकूंनी तयार केलेल्या ना?"

बारेंडने हात पुढे केला नाही. हेस्टरला जाऊन चार महिने झाले होते. मार्चमध्ये तिची मूत्रपिंडं थकली आणि ती गेली.

बारेंड, ओकर्ट आणि सारेल, या तीन घरांत काडतुसं घरीच भरायची रीत होती. दुकानातलं काडतूस म्हणजे त्यांना दुकानातल्या पावासारखं, वेळेला चालतं, पण त्याला चव नाही. कामं वाटून घेतलेली होती. झाडून झालेली पुंगळी साफ करणं, साच्यात घालून मापात आणणं, तोंड कापून सारखं करणं हे हेस्टरचं. बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून दारू तोलणं आणि गोळी बसवणं सारेलचं. ओकर्ट नेमबाज.

"दारू बरोबर होती, सगळ्यांत सारखी," सार्जंट म्हणाली. "रायफलही ठीक होती. पुंगळीचं बूड मऊ पडलं होतं. बुडाने दम सोडला आणि सगळा वायू मागे आला. तज्ज्ञ म्हणतो, पुंगळीची मान मऊ करायला ज्योतीवर धरतात तेव्हा ज्योत खाली उतरली असणार. काकूंचे हात शेवटी शेवटी थरथरत होते, असं सगळेच सांगतात."

"कोण सगळे?"

"त्यांची बहीण सांगते."

बारेंडने खुर्ची मागे सरकवली.

"उद्या संध्याकाळी मला अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचाय. त्यात काकूंचं नाव जाईल. मेलेल्या माणसावर खटला होत नाही, पण नाव राहतं." ती थांबली. "आणि ड्रीकीबाईंनी मला सांगितलंय ते तुम्हालाही कळायला हवं. परवा ओकर्टना पुरायचं आहे. हेस्टरकाकूंच्या शेजारची जागा त्यांनी रद्द केलीय. म्हणाल्या, जिने माझ्या नवऱ्याला मारलं तिच्याजवळ तो झोपणार नाही. वर्ष झाल्यावर काकूंवर दगड बसवायचा होता ना? तोही बसवू देणार नाही म्हणतात."

२

ते कबरस्तान ओकर्टच्या शेतावर होतं. बहिणींच्या आजोबांपासूनचं, तारेच्या कुंपणातलं, मिरीसारखे घोस धरणाऱ्या दोन झाडांखालचं. हेस्टरच्या मातीवर अजून नुसती लाकडी पाटी होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे म्हणालीस ना?"

"आहे. पण डबा तुमच्याकडे ठेवता येणार नाही. माझ्यासमोर बघा."

बारेंड उठला आणि मागच्या खोलीतून हेस्टरची हत्यारांची पेटी घेऊन आला. चार महिन्यांत ती उघडली नव्हती. झाकण उचललं तर आतल्या फटीतून पितळेचा बारीक कीस टेबलावर सांडला.

हा कीस त्याचा पिच्छा सोडत नव्हता. कधी तो मोज्यात निघायचा, कधी पिठाच्या डब्यात. एकदा सकाळी कॉफीत बुडवलेल्या रस्कवर सोन्यासारखा एक कण चमकला होता आणि त्याने तो रस्क तसाच खाल्ला होता. घर झाडून झाडून तो थकला. कुठून येतो कळायचं नाही. जणू ती अजून मागे बसून पुंगळ्या कापत होती.

पेटीत फार काही नव्हतं. हेस्टर हत्यारं घ्यायची ती पारखून. हाताने फिरवायचं कापणयंत्र, ज्याची मूठ तिच्या तळव्याने काळी झालेली. तोंडाची धार मोडायची छोटी कानस. माप घ्यायचं पोलादी कॅलिपर. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी बारेंडने शहरातून विजेवरचं कापणयंत्र आणलं होतं. तिने ते दोन दिवस वापरलं आणि कपाटावर ठेवून दिलं. 'याला थांबायचं कधी ते कळत नाही,' म्हणाली होती.

त्याने कॅलिपर उचललं आणि डब्यातली पहिली पुंगळी मापली. मग दुसरी. अडतीस पुंगळ्या मापायला त्याला पाऊण तास लागला.

"काय निघालं?"

"सगळ्या सारख्या. केसाचाही फरक नाही."

"मग?"

"थरथरत्या हाताने हे होतं का, तूच सांग. तिचा हात कपाला थरथरायचा, चमच्याला थरथरायचा. कामाला बसली की थांबायचा."

"कापणं वेगळं काका, ज्योत वेगळी."

"ज्योतीचंच सांगतो." त्याने पेटीतून एक उथळ पत्र्याचा ट्रे काढला. "यात ती पाणी घालायची. पुंगळ्या पाण्यात उभ्या, निम्म्यापर्यंत. वरून मानेला ज्योत. मान रंग बदलायला लागली की चिमट्याने आडवी पाडायची. बूड पाण्यात असतं. पाण्यातलं बूड कसं तापेल?"

सार्जंटने ट्रे हातात घेतला, उलटा केला, ठेवला. "त्या दिवशी पाणी घालायला विसरल्या असतील. आजारी होत्या."

त्याने एक पुंगळी खिडकीशी नेली, उजेडात फिरवली आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"हिच्या मानेवर निळं नाही."

"निळं?"

बारेंडने स्वतःच्या खणातून एक जुनी पुंगळी आणली. हेस्टरनेच तयार केलेली, तीन वर्षांपूर्वीची. मानेभोवती निळसर, जांभळट झाक होती, कबुतराच्या गळ्यासारखी.

"ज्योतीने ही झाक येते. बाकीचे लोक शेवटी मक्याच्या भरड्यात घोळवून ती घालवतात, पुंगळी चकचकीत दिसावी म्हणून. हेस्टर घोळवायची ती सुरुवातीलाच. ज्योतीनंतर फक्त फडक्याने पुसायची. झाक राहू द्यायची, म्हणजे काम झालंय ते नजरेला कळतं. म्हणायची, फार चकाकणाऱ्या पुंगळीने काहीतरी लपवलेलं असतं."

त्याने डबा सार्जंटकडे सरकवला.

"या तिच्या हातून गेल्यानंतर कुणीतरी पुन्हा घासल्यात."

३

सारेलच्या घरी ते दोघं सार्जंटच्या गाडीतून गेले. सारेल मेंढ्यांच्या गोठ्याजवळ उभा होता. दोन दिवसांत त्याने दाढी केली नव्हती.

"आलात? मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "विहिरीवरून माझं आणि ओकर्टचं भांडण होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. घाला बेड्या."

"गप रे," बारेंड म्हणाला. "बेड्या घालायच्या असत्या तर मला कशाला आणलं असतं हिने? पुंगळ्या तुझ्याकडे आल्या कधी?"

"महिना झाला. ओकर्ट घेऊन आला, कॉफीच्या डब्यात. डोळे भरलेले होते त्याचे. म्हणाला, हेस्टरच्या शेवटच्या आहेत, तिने माझ्यासाठी ठेवल्या होत्या. हंगाम यांनीच सुरू करायचा."

"तिने ठेवल्या होत्या? त्याला कुणी दिल्या?"

"ते मी नाही विचारलं."

"घासलेल्या होत्या?"

"चर्चच्या दिव्यासारख्या. मी म्हटलंसुद्धा, हेस्टर कधीपासून पॉलिश करायला लागली?"

"तू नाही घोळवल्यास?"

"माझ्याकडे घोळणीचा डबाच नाही, बारेंड. तुला माहीत आहे. मी टोप्या बसवल्या, दारू तोलली, गोळ्या बसवल्या. तोलताना दोनदा तोलली. तज्ज्ञाने सांगितलं ना दारू बरोबर होती म्हणून?"

"सांगितलं," सार्जंट म्हणाली. "मग तुम्ही माझ्याशी बोलताना जमिनीकडे का बघताय?"

सारेलने डोक्यावरची हॅट काढली, पुन्हा घातली. गोठ्यात एक मेंढी खोकली.

"टोप्या सैल बसत होत्या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"टोपी बुडातल्या भोकात दाबून बसवावी लागते. जोर लावावा लागतो. या नुसत्या अंगठ्याने आत जात होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. मी ओकर्टला सांगितलं, हे पितळ मला बरं दिसत नाही. तर तो चिडला. म्हणाला, हेस्टरच्या हातचं काम तू तपासणार? मग मी..." तो थांबला. "मग मी भरल्या. एकेक करून चाळीसही भरल्या."

"पहिल्या बारानंतर काय झालं?" बारेंडने विचारलं.

"मी दुर्बिणीतून बघत होतो. हरीण पडलं. मग खिटी उघडेना त्याला. तळव्याने ठोकत होता. मी हात हलवले, ओरडलो, थांब म्हणून. वारा उलटा होता." सारेलने गोठ्याच्या फाटकाची कडी धरली. "त्याने खिटी ठोकून उघडली आणि दुसरं घातलं."

मग सारेल बारेंडला म्हणाला, "तुझ्या बायकोचं नाव लागलं म्हणून तू धावपळ करतोयस. मी असतो तर मीही केली असती. पण ते पितळ मेलेलं होतं, बारेंड. आणि ते तिच्याकडून आलं होतं."

४

शुक्रवारी सकाळी सार्जंट पुन्हा डबा घेऊन आली. बारेंड शेडमध्ये तिची वाट बघत होता. त्याने तिच्यासमोर डब्यातली एक पुंगळी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात, बुडाच्या जरा वर, धरली. दांडी पाव फेरा फिरवली, सोडली. पितळ चेपलं ते चेपलेलंच राहिलं. मग हेस्टरची जुनी निळ्या मानेची पुंगळी धरली. तेवढीच दाबली, सोडली. ती उसळून पुन्हा गोल झाली.

"आता डब्यातल्या आणखी दहा बघू."

दहाच्या दहा चेपून राहिल्या.

"हाताने ज्योत धरली आणि चूक झाली, तर एखादी मऊ होईल, दोन होतील," बारेंड म्हणाला. "एखादी जास्त, एखादी कमी. या सगळ्या सारख्याच मेल्यात, तोंडापासून बुडापर्यंत. ही ज्योत नाही सार्जंट. या सगळ्या एकदम आगीत पडल्यात. मोठ्या आगीत."

"कुणी टाकल्या?"

"ते बघू या."

त्याने भिंग घेतलं. घासणाऱ्याने बाहेरून चांगलं घासलं होतं. पण पुंगळीच्या बुडाजवळ एक अरुंद खाच असते, तिच्या कोपऱ्यात भरडा पोचत नाही. तिसऱ्या पुंगळीच्या खाचेत काळा, टणक ठिपका होता. डांबरासारखा. आणखी चार पुंगळ्यांवर तसेच ठिपके होते.

"दारूची काजळी असेल," सार्जंट म्हणाली.

"काजळी पुसली जाते. हे चिकटलंय."

त्याने सुईच्या टोकाने ठिपका काढला, सुई काडीच्या ज्योतीवर धरली. बारीक काळा धूर निघाला. वास आला.

सार्जंटने नाक मुरडलं. "रबर?"

बारेंडने काडी विझवली. ती विझल्यावरही तो हात तसाच पुढे धरून उभा होता.

"काका?"

"हो. रबर."

"गाडीचं टायर जाळलं असेल कुणी."

"असेल," तो म्हणाला. "मला जरा बसू दे."

टायर नव्हतं ते. तो वास त्याच्या कोटातून महिनाभर गेला नव्हता. आजारी माणसाच्या गादीवर घालतात ती रबरी चादर होती ती. हेस्टरला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिची गादी, उश्या आणि ती चादर टाकीमागच्या खड्ड्यात नेली होती. वर बाभळीची लाकडं रचली होती आणि काडी लावली होती.

आग त्याची होती.

५

सार्जंटला गावात काम होतं. संध्याकाळी पाचला ठाण्यात या, म्हणाली. डबा ती घेऊन गेली. जाताना एक पुंगळी मात्र तिने शेगड्यातच राहू दिली, विसरल्यासारखी.

बारेंड झोपायच्या खोलीत गेला. हेस्टरच्या बाजूला आता नुसता लोखंडी पलंग होता. तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने जमीन चाचपली. पलंगाच्या पायाजवळ, भिंतीच्या फटीत कीस होता. मूठभर. जानेवारीत त्याने तिला बजावलं होतं, आता पुरे, डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय, ती पेटी मागच्या खोलीतच राहील. ती 'बरं' म्हणाली होती. इतक्या सहज म्हणाली होती, तेव्हाच त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

तो चक्क्या दुरुस्त करायला सकाळी निघायचा आणि दुपारी परतायचा. मधल्या वेळात ती पेटी आणायची, पलंगावर बसून एकेक पुंगळी कापायची, कीस खाली सांडायचा. झालेल्या पुंगळ्या लपवायला घरात एकच जागा होती, जी तो कधी उचलून बघायचा नाही. गादीचा अभ्रा.

गादी त्याला त्या दिवशी जड लागली होती. पाण्याने भिजलीय, असं वाटलं होतं.

मग शेडमध्ये जाऊन त्याने शेगड्यातली पुंगळी काढली आणि तोंडातून आत बॅटरीचा उजेड टाकला. राखेतून निघालेलं पितळ काळंकुट्ट असतं. नुसत्या भरड्याने ते निघत नाही. आधी कशात तरी बुडवायला लागतं.

आतून पुंगळी पिवळी नव्हती. फिकट गुलाबी होती.

हे मात्र त्याला हेस्टरनेच शिकवलं होतं. व्हिनेगरमध्ये पितळ जास्त वेळ ठेवलं की त्यातलं जस्त खाल्लं जातं आणि तांबं वर येतं. म्हणून पुंगळीला व्हिनेगर कधी लावायचं नाही. काडतुसं भरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. सारेलला ठाऊक होतं, ओकर्टला ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कुणी राखेतल्या पुंगळीला हातही लावला नसता.

म्हणजे हे ज्याने केलं त्याला पितळ ठाऊक होतं, पुंगळी नाही.

चर्चमधले पितळी दिवे दर शनिवारी व्हिनेगर आणि मिठाने घासणारं माणूस गावात एकच होतं. पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे घर आवरायला, चुली आणि खड्ड्यातली राख काढायला आली होती तीही तीच. हेस्टरचा घोळणीचा डबा 'आठवण म्हणून द्या' असं म्हणून घेऊन गेली होती तीही तीच.

ड्रीकी.

तिने बहिणीच्या पुंगळ्या राखेत पाहिल्या, उचलल्या, दिव्यासारख्या घासल्या आणि नवऱ्याला सांगितलं, हेस्टरने तुझ्यासाठी ठेवल्या होत्या. प्रेमाने केलं होतं. आगीने पितळ मरतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

बारेंडच्या हातात उत्तर होतं. हेस्टर निर्दोष होती. संध्याकाळी ठाण्यात जाऊन एवढंच सांगायचं होतं की पुंगळ्या आगीत पडल्या होत्या. आग म्हटलं की ड्रीकीला राख आठवणार होती. मग तिला कुणी वेगळं सांगायची गरजच उरणार नव्हती, तिच्या नवऱ्याला कुणाच्या हाताने मारलं ते.

त्याने गाडी काढली.

६

ड्रीकी स्वयंपाकघरात होती. टेबलावर उद्याच्या लोकांसाठी कपांच्या रांगा मांडलेल्या होत्या.

"भाऊजी, तुम्हाला यायला तोंड तरी कसं झालं?" ती म्हणाली. "पण आलाच आहात तर बसा. कॉफी देते. कॉफीला नाही म्हणत नाही मी कुणाला."

"हेस्टरबद्दल बोलायचंय."

"माझी बहीण होती ती. मला तिचा राग येतो आणि मला त्याची लाज वाटते. दोन्ही एकदम होतं. काय बोलायचंय?"

बारेंडने कप हातात धरला, प्यायला नाही.

"तिने फक्त कापल्या," तो म्हणाला. "मी मापून बघितल्या. एकीतही चूक नाही. मान तापवायचं काम तिचे हात थरथरायला लागल्यापासून मी करत होतो. डिसेंबरपासून. कुणाला सांगितलं नव्हतं. पाण्यात उभ्या करायच्या असतात ते मला कळलं नाही. तशाच कोरड्या तापवल्या. बुडापर्यंत."

ड्रीकी हातातलं फडकं धरून उभी राहिली.

"तुम्ही?"

"मी."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्ही लोखंडी पाइप जोडणारा माणूस!"

"कळत नाही. म्हणूनच झालं."

ती खुर्चीवर बसली. फडक्याची घडी करत राहिली, मोडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली,

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"त्या पुंगळ्या मला राखेत मिळाल्या होत्या. तुमच्या खड्ड्यात. मला वाटलं, तुम्ही रागाने जाळल्यात, तिने तुमचं ऐकलं नाही म्हणून. मी काही बोलले नाही. घरी आणून घासल्या. ओकर्टला खोटंच सांगितलं, तिने ठेवल्यात म्हणून. तो रडला होता भाऊजी." तिने वर पाहिलं. तीन दिवस झोप नसलेले डोळे. "राखेत होत्या म्हणून तर नाही ना काही झालं? मंगळवारपासून तेच डोक्यात फिरतंय. कुणाला विचारायची हिंमत होत नाही."

बाहेर पवनचक्की फिरत होती. एका पात्याचा बोल्ट सैल झाला होता, दर फेऱ्याला टक करत होता. बारेंडने एक, दोन, तीन फेरे ऐकले.

"नाही," तो म्हणाला. "राखेने पितळाला काय होतंय? तू राखेत भाकरी भाजतेस, लोखंडी तवा ठेवतेस. त्या गादीत आहेत हेच मला माहीत नव्हतं. पण तू उचलल्यास तेव्हा त्या आधीच मेलेल्या होत्या. मी मारल्या होत्या."

"नक्की?"

"नक्की. तुझ्या घासण्याने त्या फक्त चांगल्या दिसल्या."

तिने तोंडावर फडकं धरलं आणि रडली. हे रडणं आतून काहीतरी सुटल्यासारखं होतं. बारेंडने ते पुरं होऊ दिलं. मग ती उठली, तिने चेहरा पुसला आणि तिचा आवाज बदलला.

"म्हणजे हेस्टरचा दोष नाही."

"नाही."

"मग ओकर्ट तिच्याशेजारीच जाईल. आणि दगड मी स्वतः बसवीन तिच्यावर, चांगला. चार दिवस मी तिला मनात शिव्या दिल्या. आणि तुम्ही मला देऊ दिल्यात!"

"कालपर्यंत मला—"

"पुरे. त्या कबरस्तानात तुम्ही पाय ठेवायचा नाही. उद्या नाही आणि नंतरही नाही. जमीन माझी आहे."

बारेंडने कप ठेवला. हेस्टरच्या डाव्या बाजूची जागा त्याची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," तो म्हणाला.

ठाण्यात सार्जंट विटबोईने त्याचा जबाब लिहून घेतला. डिसेंबर, ज्योत, कोरडी पुंगळी. मधेच पेन थांबवून तिने विचारलं, "सकाळी तुम्ही मला सांगत होतात की ही मोठी आग आहे. सगळ्या एकदम, म्हणालात."

"चुकलो."

"आणि रबर?"

"टायर असेल, तूच म्हणालीस."

"पाण्याचा ट्रे तुम्हीच मला दाखवलात. सगळ्या मुलखाला पाणी देणारा माणूस आणि पाणी घालायला विसरला?"

"विसरला."

"काका, यावर खटला होऊ शकतो. बंदुकीचा परवाना तर जाईलच."

"जाऊ दे."

टेबलावर डबा उघडा होता. तिने त्यातली एक पुंगळी उचलली, तोंडातून आत डोकावली, पुन्हा ठेवली. तिची आई ड्रीकीच्या आधी वीस वर्षं चर्चचे दिवे व्हिनेगरने घासत होती.

"अजून काही लिहायचंय?"

"नाही."

"मग सही करा."

शनिवारी दहा वाजता ओकर्टला नेलं. बारेंडने गाडी सरकारी रस्त्यावरच उभी केली, कुंपणापासून दोनशे पावलांवर. टोपी काढून तो बॉनेटजवळ उभा राहिला. माणसं लहान दिसत होती, पण सारेलची वाकलेली पाठ ओळखू येत होती. त्या दोन झाडांमध्ये, हेस्टरच्या उजव्या हाताला खड्डा खणलेला होता. दोरांवरून शवपेटी खाली गेली. ड्रीकी पुढे झाली. तिने ओकर्टवर मूठभर माती टाकली. मग वळून दुसरी मूठ उचलली, हेस्टरच्या मातीवर घातली आणि तळव्याने नीट सारखी केली.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. चालकाने वेग कमी करून विचारलं, "काय काका, गाडी बंद पडली का?"

"नाही," बारेंड म्हणाला. "चालू आहे."